विश्लेषण : ‘बिल्ड नंबर’वर सात टिचक्या... आणि संगणकाच्या हाती फोनची किल्ली!

फोन हातातून निसटून रस्त्यावर आपटतो. पडदा काळाठिक्कर पडतो. पण रिंग वाजते, व्हायब्रेशन जाणवते, सकाळचा अलार्मही वेळेवर होतो. म्हणजे फोन जिवंत आहे, फक्त दिसत नाही. आत तीन वर्षांचे फोटो आहेत आणि बॅकअप कधी घेतलेला नाही. दुरुस्तीच्या दुकानात फोन संगणकाला जोडला जातो, संगणकावर काहीच उमटत नाही आणि मग दुकानदार विचारतो, ‘यूएसबी डीबगिंग चालू होतं का?’ बहुतेक ग्राहकांच्या कानावर हा शब्द तेव्हा पहिल्यांदा पडतो आणि तोवर उशीर झालेला असतो. कारण ते चालू करण्यासाठी त्याच पडद्यावर बोट टेकवावे लागते.

याच सेटिंगची दुसरी बाजूही अनेकांनी अनुभवली आहे. ‘फोन फास्ट करा’ छापाचा व्हिडीओ बघून कोणीतरी डेव्हलपर ऑप्शन्स चालू करतो, विसरून जातो आणि काही दिवसांनी बँकेचे अ‍ॅप उघडायलाच नकार देते. एकच बटण एका ठिकाणी तारणहार आणि दुसऱ्या ठिकाणी धोक्याची घंटा कसे ठरते, हे समजायचे तर केबलच्या दोन टोकांमध्ये नेमके काय घडते ते पाहावे लागेल.

आधी हे तपासा : तुम्हाला डीबगिंगची गरज तरी आहे का?

फोनमधले फोटो, लग्नाचे व्हिडीओ किंवा पीडीएफ संगणकावर घ्यायचे असतील तर डेव्हलपर ऑप्शन्सकडे फिरकण्याचेही कारण नाही. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, फोन केबलने जोडला की तो डीफॉल्टने फक्त चार्ज होतो. संगणकाला आतले काही दिसत नाही. ही बिघाडाची खूण नसून मुद्दाम केलेली सोय आहे. फोनचे लॉक उघडा, वरून नोटिफिकेशनची पट्टी खाली ओढा, ‘चार्जिंग धिस डिव्हाइस व्हाया यूएसबी’ अशा अर्थाची ओळ दिसेल. तिच्यावर टॅप करून ‘फाइल ट्रान्सफर’ निवडा. विंडोजच्या ‘धिस पीसी’मध्ये फोनचे नाव उमटेल.

उमटले नाही तर पहिला संशय केबलवर घ्यावा. पॉवर बँक, ट्रिमर, ब्लूटूथ स्पीकर यांच्यासोबत मिळणाऱ्या कित्येक केबलमध्ये फक्त वीज वाहून नेणाऱ्या तारा असतात, डेटाच्या तारा नसतातच. बाहेरून दोन्ही केबल सारख्याच दिसतात. तासभर ड्रायव्हर शोधण्यापेक्षा शेजारच्याची केबल मागून लावून बघणे केव्हाही स्वस्त. अ‍ॅपलच्या मॅकची गोष्ट निराळी आहे. अँड्रॉइड फोन ज्या पद्धतीने फाइल दाखवतो ती पद्धत मॅकला मुळात समजत नाही, त्यामुळे तिथे वेगळे सॉफ्टवेअर लागते.

एवढ्यावर ज्यांचे काम भागते त्यांनी पुढचा भाग माहितीसाठी वाचावा, करून बघण्यासाठी नव्हे.

सात टिचक्यांची गोष्ट

डेव्हलपर ऑप्शन्स म्हणजे अ‍ॅप बनवणाऱ्यांसाठी फोनमध्ये ठेवलेली हत्यारांची पेटी. अ‍ॅप कुठे अडते, किती मेमरी खाते, बोट नेमके कुठे पडते, हे सगळे बघण्याची साधने तिच्यात असतात. पूर्वी हा मेन्यू सेटिंग्जमध्ये उघडाच दिसायचा. २०१२ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ४.२ पासून गूगलने तो लपवला आणि तो उघडण्यासाठी गमतीशीर वाटणारी युक्ती ठेवली : ‘बिल्ड नंबर’ या ओळीवर सलग सात वेळा टॅप करायचे. तीन-चार टिचक्यांनंतर ‘आता फक्त अमुक पायऱ्या उरल्या’ असे फोन सांगू लागतो, पिन विचारतो आणि शेवटी ‘यू आर नाऊ अ डेव्हलपर!’ असा संदेश झळकतो. इंजिनीअरिंगची चार वर्षे न करता मिळणारी ही बहुधा एकमेव पदवी.

युक्तीमागचा विचार मात्र साधा आहे. चुकून कोणाचेही बोट एका ओळीवर सात वेळा पडत नाही.

ही ओळ सापडणे हीच खरी कसरत, कारण प्रत्येक कंपनीने तिला वेगळ्या खोलीत ठेवले आहे. पिक्सेल आणि मोटोरोलामध्ये सेटिंग्ज, मग ‘अबाउट फोन’, आणि तळाशी बिल्ड नंबर. सॅमसंगमध्ये ‘अबाउट फोन’च्या आत आणखी एक दार आहे, ‘सॉफ्टवेअर इन्फर्मेशन’. शाओमी, रेडमी आणि पोकोमध्ये बिल्ड नंबर शोधत बसू नका. तिथे ‘एमआययूआय व्हर्जन’ किंवा नव्या फोनवर ‘ओएस व्हर्जन’ या ओळीवर टिचक्या मारायच्या. वनप्लस, ओप्पो, रिअलमीमध्ये ‘अबाउट डिव्हाइस’, मग ‘व्हर्जन’. फोनच्या आवृत्तीनुसार नावे थोडीफार बदलतात, म्हणून सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत ‘बिल्ड’ किंवा ‘व्हर्जन’ टाइप करणे सगळ्यात सोपे.

टिचक्या मारल्या म्हणून लगेच काही उघडे पडत नाही. फक्त नवा मेन्यू दिसू लागतो. सॅमसंगमध्ये सेटिंग्जच्या अगदी शेवटी, बऱ्याच फोनमध्ये ‘सिस्टीम’ किंवा ‘अ‍ॅडिशनल सेटिंग्ज’च्या आत. त्या मेन्यूत खाली सरकत गेले की ‘यूएसबी डीबगिंग’चे बटण येते. संगणकासाठी दार उघडते ते या बटणाने.

दोन ठिकाणी लोक हमखास अडकतात. सॅमसंगच्या नव्या फोनवर हे बटण फिकट दिसते आणि दाबले जात नाही. याचे कारण ‘ऑटो ब्लॉकर’ ही सुरक्षा सुविधा. केबलवरून येणाऱ्या आज्ञा ती अडवते आणि वन यूआय ६.१.१ पासून ती फोन सुरू करताना चालूच ठेवलेली असते. ‘सिक्युरिटी अँड प्रायव्हसी’मध्ये जाऊन ती तात्पुरती बंद करावी लागते. शाओमीच्या फोनमध्ये साधे डीबगिंग सुरू होते. पण संगणकावरून अ‍ॅप टाकायचे किंवा संगणकाच्या माऊसने फोन चालवायचा तर ‘इन्स्टॉल व्हाया यूएसबी’ आणि ‘यूएसबी डीबगिंग (सिक्युरिटी सेटिंग्ज)’ अशी आणखी बटणे असतात. त्यांच्यासाठी कंपनीच्या खात्यात लॉगिन मागितले जाते. त्रासदायक वाटले तरी दोन्ही अडथळे कारणाशिवाय ठेवलेले नाहीत.

‘अलाऊ यूएसबी डीबगिंग?’ : न वाचता दाबली जाणारी चौकट

संगणकाच्या बाजूला या दाराचा जोडीदार असतो एडीबी, म्हणजे अँड्रॉइड डीबग ब्रिज. गूगलच्या ‘प्लॅटफॉर्म टूल्स’ या मोफत संचात तो मिळतो आणि तो अँड्रॉइड डेव्हलपरच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा. झिप फाइल उघडायची, त्या फोल्डरमध्ये कमांड प्रॉम्प्ट सुरू करायचा आणि ‘एडीबी डिव्हाइसेस’ ही आज्ञा इंग्रजीत टाइप करायची. जोडलेल्या फोनचा क्रमांक येतो आणि त्यापुढे एक शब्द. ‘डिव्हाइस’ असेल तर जोडणी झाली. ‘अनऑथराइज्ड’ असेल तर संगणकाने फोन पाहिला आहे, पण फोनने संगणकाला अजून ओळख दिलेली नाही. यादी रिकामीच असेल तर पुन्हा केबल किंवा विंडोजचा ड्रायव्हर.

‘अनऑथराइज्ड’ दिसते तेव्हा नजर फोनकडे वळवायची. तिथे एक चौकट वाट बघत असते : ‘अलाऊ यूएसबी डीबगिंग?’ खाली आकडे आणि अक्षरांच्या जोड्यांची लांबलचक माळ, आणि ‘ऑलवेज अलाऊ फ्रॉम धिस कॉम्प्युटर’ असा चौकोन. बहुतेक जण चौकोनात खूण करतात, ‘अलाऊ’ दाबतात आणि पुढे जातात. खरे तर सगळ्या प्रक्रियेत थांबून विचार करण्याची जागा हीच.

एडीबी पहिल्यांदा चालते तेव्हा संगणक स्वतःसाठी किल्ल्यांची एक जोडी बनवतो. एक खासगी, एक सार्वजनिक. बँकांच्या संकेतस्थळांनीही वापरलेल्या आरएसए या पद्धतीवर ती आधारलेली असते. केबल जोडली की फोन संगणकाला एक यादृच्छिक मजकूर पाठवतो, ‘यावर सही करून दाखव’ म्हणतो. संगणक खासगी किल्लीने सही करतो. फोनकडे त्या संगणकाची सार्वजनिक किल्ली आधीपासून नोंदलेली असेल तर सही पडताळून दार उघडते. नसेल तर फोन मालकाला विचारतो. ती लांबलचक माळ म्हणजे त्या सार्वजनिक किल्लीचा अंगठ्याचा ठसा.

ही व्यवस्था २०१३ मध्ये अँड्रॉइड ४.२.२ सोबत आली. त्याआधी डीबगिंग चालू असलेला फोन कोणत्याही संगणकाला लावला की काम फत्ते, विचारणा नाही. आता विचारणा होते आणि तीही फोनचे लॉक उघडे असेल तरच. चोराच्या हाती बंद फोन लागला तर नव्या संगणकाला तो परवानगी देऊ शकत नाही, ते यामुळेच.

‘ऑलवेज अलाऊ’चा अर्थही इथून स्पष्ट होतो. विश्वास त्या संगणकासमोर बसलेल्या माणसावर टाकला जात नाही, तर त्या संगणकातल्या एका फाइलवर टाकला जातो. ही खासगी किल्ली वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये साध्या फाइलच्या रूपात पडलेली असते. घरच्या, एकट्याच्या लॅपटॉपवर ते ठीक. कॉलेजच्या लॅबमधल्या, ऑफिसातल्या सामायिक किंवा सायबर कॅफेतल्या संगणकावर तो चौकोन रिकामाच सोडावा. अँड्रॉइड ११ पासून सात दिवस न वापरलेली परवानगी आपोआप रद्द होते, हा एक दिलासा. मात्र जुन्या फोनवर ती कायम राहते.

मग हे लागते कोणाला?

सर्वात मोठा गट विद्यार्थ्यांचा. अँड्रॉइड स्टुडिओत अ‍ॅप बनवताना ते तपासायला संगणकातच एक आभासी फोन, एम्युलेटर, चालवता येतो. पण ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर स्टुडिओ, एम्युलेटर आणि ब्राउझर एकत्र उघडले की पंख्याचा आवाज वर्गभर ऐकू येतो. त्यापेक्षा खिशातला खरा फोन केबलने जोडला तर अ‍ॅप थेट त्यावर चालते, लॅपटॉप मोकळा श्वास घेतो. कॅमेरा, जीपीएस, सेन्सर यांची खरी चाचणीही फोनवरच होते. अँड्रॉइड ११ पासून केबलचीही गरज नाही. ‘वायरलेस डीबगिंग’मध्ये क्यूआर कोड स्कॅन करून किंवा सहा आकडी कोड टाकून एकाच वाय-फायवरचा संगणक जोडता येतो.

दुसरा गट फोनचा पडदा संगणकावर बघणाऱ्यांचा. ऑनलाइन शिकवणारे शिक्षक, गेम खेळणारे, टायपिंगसाठी मोठा कीबोर्ड हवा असणारे. ‘स्क्रीन कॉपी’ असा उच्चार असलेला, पण नावात स्वर गाळून लिहिला जाणारा एक मुक्तस्रोत प्रोग्रॅम त्यासाठी प्रसिद्ध आहे. २०१८ पासून तो मोफत मिळतो, फोनमध्ये वेगळे अ‍ॅप टाकावे लागत नाही आणि जाहिरातीही नाहीत. फोनचा पडदा संगणकावर येतो, माऊसने चालवता येतो.

आणि तिसरा, पडदा फुटलेल्यांचा. त्यांच्या हाती काय उरते ते नीट समजून घ्यायला हवे, कारण ‘डेटा रिकव्हरी’च्या नावाखाली इथेच पैसे उकळले जातात.

फोनवर डीबगिंग आधीपासून चालू असेल आणि घरच्या संगणकाला परवानगी अजून शाबूत असेल, तर पडदा संगणकावर आणून, पिन टाकून सगळे फोटो काढता येतात. चित्र दिसते पण स्पर्श चालत नाही, अशी स्थिती असेल तर डीबगिंगचीही गरज नाही. दोनशे-तीनशे रुपयांच्या आसपास मिळणारा ओटीजी अ‍ॅडॉप्टर लावून साधा यूएसबी माऊस फोनला जोडा, पडद्यावर बाण येईल. त्याच्या मदतीने लॉक उघडून ‘फाइल ट्रान्सफर’ निवडता येते. काही महागड्या फोनचे टाइप-सी पोर्ट चित्र बाहेर टीव्हीवर देऊ शकते. तसे असेल तर माऊस आणि टीव्ही मिळून काम होते.

यातले काहीच नसेल तर? तर फोटो बाहेर काढण्याचा सरळ मार्ग म्हणजे नवा डिस्प्ले. फोनमधला डेटा कूटबद्ध असतो आणि त्याची किल्ली मालकाच्या पिन किंवा पॅटर्नशी बांधलेली असते. फोन बंद होऊन पुन्हा सुरू झाला की पहिल्यांदा लॉक उघडेपर्यंत फोटो वाचण्याजोग्या रूपात नसतातच. म्हणून ‘मेमरी चिप काढून दुसऱ्या फोनला लावतो’ असे कोणी सांगत असेल तर आजच्या फोनच्या बाबतीत पैसे देण्यापूर्वी दोनदा विचार करावा. डिस्प्ले बदलून मिळाला की पहिले काम बॅकअप, मग बाकीचे.

मग खबरदारी म्हणून सगळ्यांनीच डीबगिंग चालू ठेवावे का? अजिबात नको. फुटलेल्या पडद्याचा खरा विमा म्हणजे बॅकअप. सात दिवसांची मुदत लागू असलेल्या फोनवर जुनी परवानगी आणीबाणीच्या दिवशी उरलेली असेलच असेही नाही. आणि त्यासाठी जी जोखीम पत्करावी लागते ती मोठी आहे.

जोखीम नेमकी कसली?

परवानगी मिळालेला संगणक काय करू शकतो ते एकदा मोजून बघा. फोनमधले फोटो, डाउनलोड, व्हॉट्सअ‍ॅपच्या मीडिया फाइल उतरवून घेणे. पडदा रेकॉर्ड करणे. मालकाच्या बोटाऐवजी स्वतः टॅप करणे आणि टाइप करणे. अ‍ॅप टाकणे, काढणे, त्याला अनेक परवानग्या देऊन टाकणे. दुसऱ्या अ‍ॅपच्या खासगी कप्प्यात, उदाहरणार्थ बँकेच्या अ‍ॅपच्या साठवलेल्या डेटात, त्याला सहसा थेट शिरता येत नाही. पण पडदा दिसतो आहे आणि बोटही त्याचेच आहे म्हटल्यावर ओटीपीचा मेसेज वाचायला कप्पा फोडण्याची गरज कुठे उरते?

बँकांची अ‍ॅप बिथरतात ती यामुळे. डेव्हलपर ऑप्शन्स किंवा डीबगिंग चालू आहे की नाही हे कोणतेही अ‍ॅप फोनला विचारू शकते. काही अ‍ॅप नुसता इशारा देतात, काही थेट बंद होतात. त्यावर ‘जुगाड’ सांगणारे व्हिडीओ ढिगाने आहेत. ते बघण्यात वेळ घालवण्यापेक्षा बटण बंद करणे दहा सेकंदांचे काम आहे.

स्टेशनवरच्या, विमानतळावरच्या चार्जिंग पॉइंटबद्दलही हाच प्रश्न येतो. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये काढलेल्या फसवणुकीच्या प्रकारांवरील पुस्तिकेत ‘ज्यूस जॅकिंग’चा समावेश आहे, चार्जिंगच्या निमित्ताने डेटा चोरणे असा त्याचा अर्थ. डीबगिंग बंद, फोन लॉक आणि ‘फाइल ट्रान्सफर’ला नकार, एवढ्या तीन गोष्टी पाळल्या तर धोका बराच आटोक्यात येतो. स्वतःचे चार्जर भिंतीच्या सॉकेटला लावले तर प्रश्नच मिटतो.

ज्याच्याकडे कोणाचे लक्ष नसते तो टीव्ही. अँड्रॉइड टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्सवरही हाच मेन्यू अशाच सात टिचक्यांनी उघडतो आणि बाहेरची अ‍ॅप टाकण्यासाठी लोक तो उघडतात. फेब्रुवारी २०१८ मध्ये ‘एडीबी.मायनर’ नावाचा किडा चिनी सुरक्षा संशोधकांना सापडला. नेटवर्कवरून डीबगिंग उघडे असलेली, म्हणजे ५५५५ क्रमांकाचे पोर्ट खुले असलेली उपकरणे शोधत तो फिरत होता. त्यात टीव्ही आणि बॉक्स मोठ्या संख्येने होते. सापडले की त्यात घुसायचे, मालकाच्या विजेवर आभासी चलन खणायचे आणि पुढचे उपकरण शोधायचे. कोणतीही केबल नाही, कोणतीही चौकट नाही. डीबगिंग कारखान्यातूनच उघडे राहिलेले स्वस्त बॉक्स अशा किड्यांना आयतेच मिळतात.

आणि फोनवरून बोलणारा ‘अधिकारी’. वीजबिल, केवायसी, ई-चलान, कारण काहीही असो. सेटिंग्जमध्ये जाऊन टिचक्या मारायला किंवा कोणता कोड वाचून दाखवायला सांगितले गेले तर तिथेच फोन ठेवावा. बँकेला किंवा महावितरणला ग्राहकाच्या फोनमधले डेव्हलपर ऑप्शन्स कधीही लागत नाहीत. पैसे गेलेच असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी. जितक्या लवकर तक्रार, तितकी रक्कम वाटेत थांबवली जाण्याची शक्यता जास्त.

काम झाल्यावर

मेन्यूतल्या इतर बटणांशी खेळू नये. ‘ओईएम अनलॉकिंग’ला तर हातही लावू नये, त्याच्या पुढची पायरी म्हणजे बूटलोडर उघडणे आणि त्यात फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. अ‍ॅनिमेशनचा कालावधी अर्ध्यावर आणला तर फोन चपळ वाटतो हे खरे, पण तो वेगवान होत नाही, फक्त मधले दृश्य कमी वेळ दिसते.

बंद करताना क्रम लक्षात ठेवा. आधी ‘रिव्होक यूएसबी डीबगिंग ऑथोरायझेशन्स’ दाबा, म्हणजे आजवर ज्या ज्या संगणकांना परवानगी दिली होती त्या सगळ्या किल्ल्या पुसल्या जातील. मग यूएसबी डीबगिंग आणि वायरलेस डीबगिंग बंद करा. शेवटी मेन्यूच्या अगदी वरचे मुख्य बटण बंद करा. बहुतेक फोनमध्ये मेन्यू तिथेच नाहीसा होतो. सॅमसंगवर ऑटो ब्लॉकर बंद केला असेल तर तो पुन्हा चालू करायला विसरू नका. बँकेचे अ‍ॅप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. तरीही कुरकुर करत असेल तर फोन एकदा रीस्टार्ट करा.

पुन्हा कधी गरज पडलीच तर सात टिचक्या पुन्हा माराव्या लागतील आणि संगणक पुन्हा त्याच चौकटीतून परवानगी मागेल. तेव्हा ‘अलाऊ’ दाबण्यापूर्वी समोरचा संगणक कोणाचा आहे ते बघा.